सात नंबरची बारी

कोंडाजींचा अंगठा पंचक्रोशीत मानला जायचा. गावोगावच्या जत्रांत बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या, तिथे तीस वर्षं त्यांनी घड्याळ लावलं होतं. बैल निशाणापाशी आले की स्टॉपवॉचवरचा त्यांचा अंगठा दबायचा, आणि एकदा दबला की त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. हरलेला गाडामालक बैलांना शिव्या घालील, गाडीवानाला घालील, अगदीच तोल सुटला तर ग्रामदैवतालाही दोन शब्द सुनावील, पण कोंडाजींच्या घड्याळाला कधी नाही.

म्हणून अठ्ठ्याण्णव साली नाशिकच्या हौशी मंडळींनी मोटारशर्यतींचा क्लब काढला, तेव्हा त्यांना एका दगडात दोन पक्षी मिळाले. सायखेड्याच्या अलीकडे कोंडाजींची पाच एकर मुरमाड जमीन पडीक होती, तिच्यावर शर्यतीची वाट आखता आली, आणि जमिनीबरोबर घड्याळवालाही आयताच मिळाला. शर्यत साधीच असायची. एकेक गाडी सोडायची, तिने दोन फेऱ्या मारायच्या, प्रत्येकाला अशा दोन पाळ्या, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो पहिला. कोंडाजी प्रत्येक गाडीच्या पाळीला जत्रेतल्यासारखं 'बारी' म्हणत. वर्षभरात क्लबातले डॉक्टर आणि इंजिनियरही एकमेकांना 'माझी बारी कितवी' असं विचारू लागले.

कोंडाजींना घरात सगळे आबा म्हणत. त्यांचा मुलगा सोमनाथ अंबडच्या एका कारखान्यात मशीनींची कंट्रोल पॅनेलं जोडायचा आणि इंदिरानगरला राहायचा. त्याला गाड्यांचं काडीचं वेड नव्हतं. वेड लागलं ते त्याच्या बायकोला. पहिल्या शर्यतीला तो दीपमालाला नुसती गंमत बघायला घेऊन आला, आणि ती क्लबाच्या एका जुन्या मारुतीत बसली ती जणू उतरलीच नाही. त्याच मोसमात घरच्या मारुतीवर सात नंबर चिकटवून तीही वाटेवर उतरली. बाईमाणसाने मोटार चालवायची ती फार तर दवाखान्यात जायला, असं कोंडाजींचं मत होतं आणि ते त्यांनी सगळ्यांना, न विचारता, सांगून ठेवलं होतं. सुनेच्या गाडी चालवण्याबद्दल चांगला किंवा वाईट असा एक शब्द मात्र ते कधी बोलले नाहीत. डोक्यावर टोपी, धुळीसाठी डोळ्यांवर मोठा काळा गॉगल आणि मुठीत घड्याळ अशा थाटात ते शर्यत संपायच्या रेघेपाशी खुर्ची टाकून बसायचे.

दोन हजार एक आणि दोन, अशी लागोपाठ दोन वर्षं दीपमाला पहिली आली. दोन्ही वेळा दुसरा आला गॅरेजवाला निवृत्ती. फरक एकदा दोन दशांश सेकंदाचा, एकदा तीन. निवृत्ती मनाने वाईट नव्हता, पण जीभ जरा सैल होती. दुसऱ्या वेळी बक्षीस झाल्यावर चहाच्या टपरीपाशी तो हसत हसत म्हणाला, "घड्याळ सासऱ्याचं, गाडी सुनेची. आपण नुसतं पेट्रोल जाळायचं." चारजण हसले. त्यांच्यामागे दीपमाला हातात चहाचा ग्लास घेऊन उभी होती, हे त्यांना फार उशिरा दिसलं.

परतताना सोमनाथने दोनदा विषय काढून पाहिला. नांदूर नाका आला तशी तीच म्हणाली की कपाचं काही नाही, कप गेला खड्ड्यात. पण त्यांनी आबांना खोटं ठरवलं. तीस वर्षं ज्या माणसाकडे कोणी बोट दाखवलं नाही, त्याला आपल्यामुळे हे ऐकावं लागलं.

"तुम्ही रोज मशीनींची पॅनेलं बांधता ना," ती म्हणाली, "मग एक घड्याळ बांधा. ज्याला अंगठाच नाही, असं."

बायकोने साडी मागितली असती तर सोमनाथने दहा कारणं सांगितली असती. पण हे मागणं ऐकून त्याला त्या रात्री झोपच लागली नाही, आणि ती काळजीने नव्हे तर उत्साहाने. असली यंत्रं परदेशात मिळतात हे त्याला ठाऊक होतं. त्यांची किंमत ऐकून क्लबाच्या अध्यक्षांनी कपाळावर हात मारला होता. तेव्हा हाताशी आहे त्यातूनच काय ते करायचं, असं त्याने ठरवलं.

पुढचे सहा महिने त्याचे सगळे रविवार ह्या कामात गेले. जत्रेत पोरं किल्लीच्या जुडग्याला लावायचा लाल किरणांचा इवलासा दिवा घेत, तसला एक त्याने आणला आणि रेघेच्या एका टोकाला बसवला. दुसऱ्या टोकाला उजेड ओळखणारा, हरभऱ्याएवढा इलेक्ट्रॉनिक डोळा लावला. गाडी मधून गेली की किरण तुटायचा, डोळा ते कॉम्प्युटरला कळवायचा आणि कॉम्प्युटर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मांडायचा. कॉम्प्युटर कारखान्याने भंगारात काढलेला होता, तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवला. खांब म्हणून द्राक्षबागेतले लोखंडी अँगल ठोकले. दुपारच्या उन्हात डोळा दिपायचा, म्हणून त्याच्यापुढे ठिबकच्या काळ्या नळीचा वीतभर तुकडा बसवला, आणि आत नळीच्या अंधारात त्याला फक्त समोरचा लाल ठिपका दिसू लागला. सोमनाथला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की त्याने शेजाऱ्यांना बोलावून नळी दाखवली. शेजाऱ्यांनी नळी बघितली आणि चहा कधी होतोय ते विचारलं.

अडचणी काय कमी होत्या? गाडीमागे उडणाऱ्या धुळीनेच किरण तुटायचा आणि उभ्या गाडीच्या नावावर तीन-तीन फेऱ्या जमा व्हायच्या. वस्तीवरचं एक कुत्रं रेघ ओलांडून गेलं आणि लगेच परत आलं, तर यंत्राने त्याच्या नावावर नऊ सेकंदांची फेरी लिहिली. क्लबाच्या फळ्यावर तो विक्रम पंधरा दिवस पहिला होता. मग सोमनाथने यंत्राला शिकवलं की एकदा किरण तुटला की वीस सेकंद दुसरं काही ऐकायचं नाही, आणि कोंडाजींच्या फवारणीच्या पंपाने रेघेवर पाणी मारायची पद्धत पडली. सोमनाथच्या आईने, कलाबाईंनी, दसऱ्याला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. बोट त्या इवल्याशा डोळ्याकडे वळलं तेव्हा सोमनाथने तिचा हात वरच्यावर धरला.

फेब्रुवारीत यंत्र ठाकठीक चालू लागलं. मार्चच्या पहिल्या रविवारी मोसमाची शेवटची शर्यत होती, आणि तिच्यात पहिला येणाऱ्याला क्लबातर्फे पुण्याला होणाऱ्या चार जिल्ह्यांच्या स्पर्धेला पाठवायचं ठरलं होतं. त्याआधी सरावाच्या दिवशी सोमनाथने गुपचूप एक काम केलं. आबा नेहमीप्रमाणे स्टॉपवॉचवर वेळ घेत होते, त्याच गाड्यांचे यंत्रातले आकडे त्याने शेजारी लिहून काढले. आबांचा अंगठा किती अचूक आहे हे एकदा कागदावर आलं की निवृत्तीच्या तोंडावर तो कागद ठेवायचा, असा त्याचा बेत होता.

कागद भरला, आणि त्याने तो पुन्हा पहिल्यापासून तपासला. सहा गाड्यांच्या बाबतीत आबांचा आकडा यंत्राच्या आकड्याला असा चिकटून होता की माणसाच्या हाताने हे होतं यावर विश्वास बसू नये. कधी पाच शतांश इकडे, कधी आठ तिकडे. सातव्या गाडीला मात्र आबांचा अंगठा यंत्राच्या आधी दबला होता. बासष्ट शतांश. दुसऱ्या बारीला एकोणसाठ, तिसऱ्या बारीला पासष्ट. दोन वर्षं दीपमाला जिंकली ती दोन-तीन दशांशांनी, आणि इथे प्रत्येक वेळी सहा दशांश तिच्या पदरात पडत होते. निवृत्ती टपरीवर जे हसत बोलला, ते कागदावर लिहून आलं होतं.

त्या दुपारी वस्तीवरच्या घराच्या ओसरीत कॉम्प्युटर मांडून सोमनाथने एक असं काम केलं, ज्याची त्याला पुढे कैक दिवस लाज वाटत राहिली. यंत्राला हुकूम देणाऱ्या ओळींत त्याने आणखी एक ओळ घातली: गाडी सात नंबरची असेल तर बासष्ट शतांश कमी कर. मग अंगठा आणि यंत्र जुळले असते, आबांचं नाव राहिलं असतं, आणि दीपमाला पुण्याला गेली असती. ओळ लिहून तो तिच्याकडे बघत बसला. आबा खोटं करतात, हे त्याच्या मनाला काही केल्या गिळवेना.

कलाबाई शेजारी मेथी निवडत होत्या. लेकाचं तोंड का उतरलं ते त्यांनी विचारलं, आणि सोमनाथला आईपाशी काही लपवता आलं नाही. त्याने कागद वाचून दाखवला. कलाबाईंनी मेथीची जुडी संपवली, काड्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, "तू नुसता त्या पडद्याकडं बघतो. तिची बारी असंल तव्हा एकदा त्यांच्या तोंडाकडं बघ." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

पुढच्या रविवारी सरावाला सोमनाथने कॉम्प्युटरचं टेबल आबांच्या खुर्चीच्या बाजूला, थोडं मागे लावलं. समोरून त्या गॉगलमागचं काही दिसायचं नाही, पण बाजूने काच आणि गाल यांच्यामध्ये बोटभर फट होती. पहिल्या सहा गाड्या आल्या आणि गेल्या. आबांचे डोळे रेघेवर खिळलेले होते. मग सात नंबरची बारी सुरू झाली. पहिली फेरी झाली, गाडी दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणाकडे, बाभळीकडे, वळली, आणि आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. ओठ हलत होते. डाव्या हाताने त्यांनी धोतराचा सोगा मुठीत धरला होता. बाभळीआडून गाडीने पुन्हा जोर धरल्याचा आवाज आला, आबांच्या छातीतून श्वास सुटला आणि त्याबरोबर अंगठा दबला. गाडी तेव्हा रेघेच्या आठ-दहा पावलं अलीकडे होती. ती रेघेवरून गेली तेव्हाही आबांचे डोळे मिटलेलेच होते.

पहिल्या वर्षी त्याच वळणात दीपमालाची गाडी दोन चाकांवर गेली होती. क्षणभरच गेली, मग सावरली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी आबा जेवले नव्हते. पोट बिघडलंय म्हणाले होते.

सोमनाथला भडभडून आलं. आठवडाभर तो ह्या माणसाला मनातल्या मनात चोर म्हणत होता, आणि हा माणूस चार वर्षं, दर बारीला, भीतीने अर्धमेला होऊन तिथे बसत होता आणि उठून जात नव्हता. त्याने तिथल्या तिथे ती ओळ पुसून टाकली.

पण त्याने पेच सुटला नाही. शर्यतीच्या दिवशी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले की चारशे लोकांसमोर आबा खोटे ठरणार होते, आणि डोळ्यांचं कारण कोणाला दिसणार नव्हतं. म्हणून सोमनाथने सुचवून पाहिलं की आता वय झालं, उन्हात बसू नका, यंत्र सगळं बघून घेईल. आबा असे उसळले की बोलायची सोय राहिली नाही. "तुझं डबडं अन् माझा अंगठा, दोन्ही लाव," ते म्हणाले, "बघू कोन खोटं बोलतं." क्लबालाही ती कल्पना भलतीच आवडली. खरं काय ते सांगायला सोमनाथ दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि दोन्ही वेळा टोमॅटोच्या भावाचं बोलून उठला. तीस वर्षं ज्याचे डोळे निशाणावरून हलले नाहीत, त्या बापाला 'तुम्ही घाबरता' हे कसं सांगायचं, ते त्याला सुचेना. आणि दीपमालाला सांगावं तर ती गाडीतच बसली नसती.

शर्यतीच्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले: अंगठा आणि यंत्र. क्लबाचे सेक्रेटरी खडू घेऊन उभे राहिले. एकामागून एक गाड्या सुटल्या. आकडे असे जुळत गेले की लोक गाड्या सोडून फळ्याकडे बघायला लागले, आणि प्रत्येक वेळी आबांना शाबासकी मिळाली. आबांनी खुशीत सांगितलं की डबडं शिकतंय हळूहळू. निवृत्तीला यंत्रावर एक मिनिट एक्केचाळीस सेकंद आणि बावन्न शतांश लागले, अंगठ्यावर पंचावन्न शतांश. तो पहिला होता.

सात नंबर शेवटी आला. आबांच्या अंगठ्यावर एक मिनिट एक्केचाळीस सेकंद वीस शतांश. म्हणजे दीपमाला पहिली. यंत्रावर एक्केचाळीस सेकंद पंच्याऐंशी शतांश. म्हणजे दुसरी. सेक्रेटरींनी पहिला आकडा लिहिला, दुसरा लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. निवृत्ती हसला असता तर बरं झालं असतं, पण त्याने मान खाली घातली, आणि ते जास्त लागलं. दीपमाला हेल्मेट काढून फळ्यापाशी आली. तिने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग सगळ्यांच्या नजरा सोमनाथकडे वळल्या.

सहा महिने त्याने खपून जे बांधलं होतं, ते खरं बोलत होतं. बोलायला दोनच गोष्टी होत्या, आणि दोन्हींमध्ये कोणीतरी मोडणार होतं.

"यंत्र चुकलं असेल," सोमनाथ म्हणाला.

आबा खुर्चीतून उठले. त्यांनी गॉगल काढला.

"नाय चुकलं," ते म्हणाले. "सहा येळा बरोबर अन् सातव्याला बरं चुकंल? तिची बारी असली का माझे डोळे मिटत्यात. बाभळीतून गाडी निघाल्याचा आवाज आला, पोर सुखरूप हाय असं कळलं, का अंगठा दबतो. रेघ मी बघतच नाय. पहिल्या साली ती गाडी दोन चाकांवर गेलेली बघितली, तवापासून मला बघवत नाय. मी कुणाला फसवलं नाय, पन घड्याळ माझं खोटं हाय."

त्यांनी स्टॉपवॉच सेक्रेटरींच्या हातात दिलं. मागचे दोन्ही कप निवृत्तीला देऊन टाका, असंही सांगितलं. निवृत्ती पुढे आला, काका, मी त्या दिवशी टपरीवर बोललो ते, एवढंच म्हणाला. त्याने वाकून आबांच्या पायाला हात लावला. कप त्याने घेतले नाहीत. शेवटी क्लबाने ती दोन्ही वर्षं विजेत्याविना नोंदवली, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

नियमाने प्रत्येकाला दोन बाऱ्या मिळायच्या आणि त्यातली चांगली धरायची. दुसऱ्या खेपेला फळ्यावर एकच रकाना राहिला. निवृत्तीचा आकडा काही सुधारला नाही. आपली पाळी आली तेव्हा दीपमाला गाडीकडे न जाता आबांच्या खुर्चीपाशी आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"आबा, आता तुमच्या हातात घड्याळ नाही," ती म्हणाली. "मी जिंकते का हरते ते यंत्र बघेल. तुम्ही मला बघा."

आबा नाही म्हणाले. कलाबाई येऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरला, चारशे माणसांत, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

ती बारी सोमनाथने पाहिलीच नाही. पडद्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. तो बापाच्या तोंडाकडे बघत होता. पहिल्या फेरीला आबांची नजर गाडीबरोबर फिरली. दुसऱ्या फेरीत गाडी बाभळीकडे वळली, तशी पापण्या थरथरल्या, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण डोळे उघडेच राहिले. बाभळीआडून गाडी बाहेर येताना त्यांनी पाहिली आणि ती रेघेवरून जाताना पाहिली. यंत्राने एक्केचाळीस सेकंद एकोणसाठ शतांश दाखवले. सात शतांशांनी दीपमाला हरली. पुण्याला निवृत्ती जाणार हे ठरलं, आणि टपरीवर बोलायला कोणाला काही उरलं नाही.

दीपमालाने फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेल्मेट काखेत धरून ती सरळ आबांपाशी आली आणि तिने विचारलं, "बघितलं?"

"बघितलं," आबा म्हणाले. ट्रॅक्टर चालवण्यात त्यांची हयात गेली होती. "मधल्या वळनात गिअर लवकर टाकती तू. गाडी तिथं दम सोडती. चार वरसं बघितलंच नाय, नायतर आधीच सांगितलं असतं."

दीपमाला हसायला गेली आणि तिला रडू आलं. भर उन्हात, सगळ्यांसमोर ती लहान पोरीसारखी रडली. आबांना काय करावं ते कळेना. त्यांनी कलाबाईंना पाणी आणायला सांगितलं, मग सोमनाथला उगाच रागावले, आणि मग पुढच्या रविवारपासून आपली खुर्ची मधल्या वळणावर टाकायला सांगितली.